तू म्हणालास, पाणीच आहे

२४ जून

डॉक्टरसाहेब,

आपला अहवाल मिळाला. आपण पाठवला नाहीत, ओढ्याच्या चौकशीवर आलेल्या सरकारी तपासनीस बाईंनी प्रत आणून दिली. अकरा पानं. गोठ्यात बादली उलटी करून तिच्यावर बसून वाचली. असलं लिखाण घरात वाचू नये असं वाटलं.

दुसऱ्या पानावर मी भेटले. 'संबंधित दुग्धव्यावसायिक महिला.' सख्ख्या थोरल्या बहिणीला इतक्या लांबून ओळखायला किती वर्षं शिकावं लागतं रे? मी सातवीपर्यंतच गेले, म्हणून विचारते.

तिसऱ्या पानावर गवत आहे, चौथ्यावर खड्डा आहे, पाचव्यावर ओढा आहे. पण मे महिन्यातल्या त्या शनिवारी खड्ड्याच्या काठावर पांढरे बूट घालून उभा राहिलेला आणि ट्रॅक्टरवाल्याला 'आण, आण, आजच संपव' म्हणून हात हलवणारा माणूस अकरा पानांत कुठेच नाही. मी दोनदा शोधला.

गवत खड्ड्यात दाबायचं, वर प्लास्टिक झाकायचं, मुरवायचं आणि थंडीत गाईंना घालायचं, हे बाबा तुझ्या जन्माआधीपासून करत होते. मुरघास हा शब्द तू त्यांच्याकडून शिकलास आणि त्याच्यावर डॉक्टर झालास. त्यांचा नियम एकच होता. कापलेलं गवत एक दिवस शेतातच पसरून ठेवायचं. मूठभर घेऊन पिळायचं, बोटांतून पाणी आलं तर थांबायचं. त्या शनिवारी मी पिळून दाखवलं. माझ्या कोपरापर्यंत ओघळ आला. तू मोबाईल दाखवलास. "ताई, पाऊस येतोय. आत्ताच भर. सुकवत बसणं हे जुन्या लोकांचं खूळ आहे." तो पाऊस पाचव्या दिवशी आला. प्लास्टिकवर धूळ होती, तीसुद्धा धुतली गेली नाही.

आणि सहाव्या पानावरचं हे वाक्य मी गाईंनाही वाचून दाखवलं: 'जागेवर द्रव साठवण्याची कोणतीही व्यवस्था आढळली नाही.' आढळेल कशी? खड्ड्यातून झिरपणारा रस धरायला बाबांनी टाकी बांधली होती. तीन वर्षांपूर्वी तुझी गाडी अंगणात वळत नव्हती, म्हणून ती तू दगडमाती टाकून बुजवायला लावलीस. येतोस तेव्हा गाडी तिच्याच डोक्यावर उभी करतोस.

शेवटच्या पानावर तळ्यावाले आहेत. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचं माशांचं तळं, हे तुला ठाऊक आहे. लहानपणी त्याच बांधावरून तू दोनदा पडलास आणि दोन्ही वेळा त्यांनीच तुला बाहेर काढलं. अकरा वर्षं त्यांनी एकेक मासा निवडून पैदाशीची जात तयार केली होती. बायको गेल्यावर त्या माणसाला दुसरा उद्योगच नव्हता. खड्ड्यातला रस ओढ्यात गेला आणि त्या शनिवारनंतरच्या बुधवारी सकाळी सगळं तळं पांढरं पडलं. पोटं वर.

तू काय लिहिलंस? 'मुरघासातून झिरपणाऱ्या द्रवात पोषक द्रव्यांची घट एक टक्क्याहून कमी असून सदर द्रव मुख्यतः पाणीच आहे. मासे अतिगर्दी व कुजलेल्या खाद्यामुळे गुदमरले असावेत.' बाईंनी ओढ्याच्या पाण्याचे नमुने घेतले ते चार दिवसांनी, सगळं वाहून गेल्यावर, आणि तपासायला पाठवले ते नेमके तुझ्या संस्थेत. 'हा गोठा माझ्या बहिणीचा आहे, मला यातून वगळा' असं म्हणायला तोंड नव्हतं का? अध्यक्षपदाच्या भाषणाला तर ते चांगलं तासभर चालतं.

आपली,
संबंधित महिला

९ जुलै

डॉक्टर,

तुझा फोन आला त्या दिवशी. "ताई, तुला वाचवायला लिहिलं. उपकार मान." मी फोन ठेवला तो राग आला म्हणून नव्हे. हातात दुधाची किटली होती आणि ती मला सांडायची नव्हती. किटलीतल्या दुधाला तुझ्याहून जास्त मान आहे या घरात.

तू लिहिलंस एक टक्क्याहून कमी. म्हटलं, डॉक्टरांचं गणित तपासून पाहू. दुसऱ्या कापणीचं गवत आलं तेव्हा मी दोन पिंपं घेतली आणि दोघांच्या तळाशी तोटी बसवून घेतली. एकात शंभर किलो गवत कापल्या कापल्या भरलं, तुझ्या शास्त्राप्रमाणे. दुसऱ्यातलं शंभर किलो आधी एक दिवस उन्हात पसरलं होतं, बाबांच्या खुळाप्रमाणे. दोन्हींवर झाकण, झाकणावर सारखेच दगड. वर पाटी लावली: 'हात लावू नये, प्रयोगशाळा'. दूध न्यायला येणारा ड्रायव्हर हसून हसून खोकायला लागला.

दहा दिवस रोज सकाळी तोटी सोडली. तुझ्या पिंपातून एकूण अठरा लिटर रस निघाला. निम्म्याहून जास्त पहिल्या चार दिवसांत. तपकिरी, आंबूस, बोटांना चिकटणारा. फरशीवर सांडला तिथे फरशी खरखरीत झाली. सिमेंट खातो तो. बाबांच्या पिंपातून एक कपभर आला.

मग त्यातला दहा लिटर रस मी अंगणातल्या चुलीवर आटवला. पाणीच असतं तर भांडं कोरडं पडायला हवं होतं. तळाला काळा, पाकासारखा चिकट गोळा राहिला. वजन केलं, अर्ध्या किलोच्या वर. भांडं गेलं ते गेलंच. म्हणजे अठरा लिटरमध्ये एक किलो. आता कोरडं गवत किती होतं? किलोभर ओलं गवत ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवलं, एकशेसाठ ग्रॅम राहिलं. शंभर किलोत सोळा. सोळातला एक गेला, डॉक्टर. तुझ्या एक टक्क्याच्या सहापट. आणि जो गेला तो कुठला? काड्या जाग्यावर राहिल्या. जे पाण्यात विरघळतं तेच गेलं: गवतातली साखर, प्रथिनं, क्षार. गाईच्या अंगी लागायचं ते आधी ओढ्याला पाजलं. आणि ओढ्यातल्या किड्या-जंतूंना अशी मेजवानी मिळाली की ते वाढतात, पाण्यातला प्राणवायू खातात आणि माशाला श्वास उरत नाही. हे मला कुणी सांगितलं? तुझ्याच पुस्तकाने. पहिल्या आवृत्तीत पान त्रेसष्टवर आहे. दुसऱ्या आवृत्तीत ते पान नाही. का नाही ते तूच जाण, मुखपृष्ठावर तुझा फोटो मात्र मोठा झालाय.

मोठ्या खड्ड्यात दोनशे टन होतं. छत्तीस हजार लिटर. पाणीच.

मे महिन्याचा खड्डा परवा उघडला. खवट वास. तळाचा थर शेणासारखा घसरतो. लंगडी गाय काहीही खाते, एकदा तिने तुझा रुमाल खाल्ला होता. तिनेही नाक वळवलं. जनावराला जे वासावर कळतं त्यासाठी तुला प्रयोगशाळा लागते आणि तरी कळत नाही.

तळ्यावाले परवा घरी आले होते. चहा घेतला. बरे आहेत.

ताई

२० जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं. दोन ओळी. 'पिंपाचा प्रयोग शास्त्रीय नाही. आणि तुला एवढा पुळका आहे तर तू स्वतः इतके दिवस गप्प का?'

पहिली ओळ मी चुलीत घातली असती. दुसरी फाडता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तू काहीतरी नेमकं लिहिलंस.

गेल्या पत्रात मी लिहिलं, तळ्यावाले आले, चहा घेतला, बरे आहेत. ते बरे नाहीत. ते दारात उभे राहिले, चपला काढल्या, आत आले नाहीत. म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. माझ्या तळ्याचं पाणी फुटून खालच्या अंगाच्या तुमच्या कुरणात आलं असेल त्या आठवड्यात. तुमच्या गाईंना काही त्रास नाही ना झाला? डॉक्टरांनी लिहिलंय, माझंच खाद्य कुजलं होतं. मी रोज वास घेऊन टाकायचो हो. पण माणसाचं नाक काय, वय झालं."

ते माझी माफी मागायला आले होते, धाकट्या. माझी.

आणि मी म्हटलं, "नाही हो, गाईंना काही नाही झालं. चहा घ्या."

त्यांनी उभ्यानेच चहा घेतला. सांगत होते, आता तळ्यावर जात नाहीत. जाळी, हातजाळं, सगळं विहिरीजवळच्या खोलीत कोंबून कुलूप लावलं. "अकरा वर्षं सांभाळली आणि माझ्याच हाताने मारली," म्हणाले. मी कप धुवायला आत गेले. कप अजून त्यांच्या हातात होता.

याच्याही आधीचं सांगते, म्हणजे तुला दुसरं पत्र लिहायचे कष्ट नकोत. सोमवारी दुपारी मी तुला फोन केला होता, नालीतून तपकिरी पाणी वाहतंय म्हणून. तू म्हणालास, "पाणीच आहे ताई, पाणी. कशाला घाबरतेस?" आणि मागे कुणीतरी हसलं. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही. मंगळवारी सकाळी मी ओढ्यावर गेले. फेस होता, दगडांवर राखाडी शेवाळासारखा थर चढला होता आणि आंबूस वास. शेडमध्ये शेणपाण्याचा टँकर उभा होता. पाइप नालीत टाकला असता, दिवसभर खेपा केल्या असत्या, रस ओढून त्यात पाणी मिसळून कुरणावर शिंपडला असता तर गवतालाच खत झालं असतं. टँकरच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. मी काठावर उभी राहिले आणि मनात म्हटलं, वाहू दे. होऊ दे चांगला बोभाटा. गावभर वास सुटू दे, म्हणजे पुढच्या वेळी हा शहाणा नाकाने कांदे सोलायला येणार नाही.

माशांचा विचारही माझ्या डोक्यात नव्हता. मला फक्त तुझी फजिती हवी होती. तीस वर्षं हवी होती. बाबांनी शिकायला तुला पाठवलं आणि मला गोठ्यात ठेवलं, त्यावर मी कधी बोलले नाही, आणि न बोलता जे साचतं तेही कुठून तरी झिरपतंच.

नंतर तुझा अहवाल आला आणि मी सुटले. तुला शिव्या घालत बसले, पण अहवाल मात्र फाडला नाही. तो कपाटात घडी घालून ठेवला, कुणी विचारलंच तर दाखवायला. तुझ्या खोटेपणाच्या सावलीत मी जवळजवळ महिनाभर आरामात बसले. तेव्हा तुझी लायकी काढायला मी फार उंचावर उभी नाही. तुझ्यापेक्षा एक पायरी वर असेन. तेवढी असू दे.

उद्या त्यांच्याकडे जाते आहे.

ताई

२९ जुलै

धाकट्या,

गेले. पिंपातला रस बाटलीत भरून नेला होता. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. रिकाम्या हातांनी खरं बोलवेना.

बाटली त्यांच्या ओट्यावर ठेवली आणि सगळं सांगितलं. गवत, टाकी, तू, फोन, ओढा, टँकर. त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, वास घेतला आणि बराच वेळ झाकण हातात फिरवत बसले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी. सकाळी आठला."

"मासे बुधवारी पहाटे गेले."

"हो."

"ओढ्याचं पाणी तळ्यात येतं तिथे फळी आहे. ती खाली टाकून पाणी बंद करायला मला पाच मिनिटं लागतात, ताई. नुसती हाक मारली असतीत."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त झाकण परत लावलं, घट्ट, आणि बाटली माझ्या हातात दिली.

तिथून सरळ तपासनीस बाईंच्या कार्यालयात गेले. लिहून दिलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या बाजूने अहवाल असताना तुम्ही हे का देताय?" मी म्हटलं, "तो अहवाल माझ्या बाजूने नाही, माझ्या भावाच्या बाजूने आहे." तेव्हा त्यांना कळलं, तू माझा भाऊ. पेन खाली ठेवून त्यांनी अहवालावरचं तुझं नाव पुन्हा वाचलं. टाकी पुन्हा बांधून होईपर्यंत माझं दूध कुणी उचलायचं नाही, असा आदेश निघाला. रोजचं दूध वासरांना पाजते, उरलेलं खतात जातं. ड्रायव्हर गाडी न थांबवता हात करून जातो.

टाकीतली दगडमाती मी उपसायला लावली आहे. तुझी गाडी आता रस्त्यावर लावावी लागेल. येणार असलास तर.

ताई

६ ऑगस्ट

धाकट्या,

आलास. बरं केलंस म्हणणार होते, पण तू तोंड उघडलंस.

"ताई, निवेदन मागे घे. बाईंशी मी बोलतो. माझी खुर्ची जाईल, कळतंय का तुला?" हे तू उपसलेल्या टाकीच्या काठावर उभा राहून म्हणालास. मग म्हणालास, मी बघतो तळ्यावाल्यांचं. आणि गेलास. मी मागोमाग आले ते तुला आवडलं नाही. पण तुला एकट्याला कुणाच्या दारात सोडायचे दिवस गेले.

काय बोललास त्यांच्याशी ते तुला आठवत नसेल, भाषणांत आठवतं कुठे. मी सांगते. "काका, आपण दोघं पाण्यातली माणसं. तुम्हाला माहीतच आहे, एकाच कारणाने असं होत नाही. संस्थेकडून नवीन बीज मिळवून देतो. उत्तम जात." ते म्हणाले, "बीज नको. तुम्ही लिहिलंत की मी मारले. आता लिहून द्या की मी नाही मारले. बस." तू घड्याळ बघितलंस. आणि मग म्हणालास, "भाषेचा प्रश्न आहे, बघू."

काल तुझा मसुदा आला. 'उपलब्ध नमुन्यांच्या मर्यादेमुळे पूर्वीच्या निष्कर्षात काही त्रुटी राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मी मोजलं, या वाक्यात एकही माणूस नाही. कुणी केलं नाही, कुणी मेलं नाही, त्रुटी आपल्या पायांनी चालत आली आणि राहिली. पाटीवर तुझा हात धरून पहिलं अक्षर मी काढून घेतलं होतं. ते असलं लिहायला नव्हे.

मसुदा परत पाठवते. मागे माझ्या हाताने लिहिलं आहे:

'मे महिन्यात बहिणीच्या गोठ्यावर मी स्वतः हजर होतो. माझ्या सांगण्यावरून गवत न सुकवता भरलं. रस धरायची टाकी मी बुजवली होती. रस ओढ्यात गेला. माझ्या बहिणीला तो मंगळवारी दिसला आणि ती गप्प राहिली. बुधवारी तळ्यातले मासे त्या रसाने मेले. मालकाची काही चूक नव्हती. हे माहीत असून मी अहवालात खोटं लिहिलं.'

खाली माझी सही केली आहे. शेजारी तुझ्यासाठी जागा सोडली आहे. फार मोठी नाही. पदव्या मावणार नाहीत.

ताई

१९ ऑगस्ट

धाकट्या,

कागद आला. सही आहे. नुसतं नाव, शाळेत करायचास तसं.

पण एक ओळ तू खोडलीस. 'माझ्या बहिणीला तो मंगळवारी दिसला आणि ती गप्प राहिली.' इतकी गिरवून खोडलीस की कागद मागच्या बाजूने फुगला आहे. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलंस, 'हे नको ताई, एवढं तरी.'

मी तो कागद टेबलावर ठेवून गोठ्यात गेले, परत आले, पुन्हा वाचला. तू वाईट माणूस नाहीस, हे मला त्या खोडाखोडीत दिसलं आणि त्याचाच जास्त संताप आला. स्वतःला वाचवायला खोटं लिहितोस, मला वाचवायला खोटं लिहितोस, प्रेमसुद्धा तुला खोटं बोलूनच करता येतं. ती ओळ मी खाली पुन्हा लिहिली, तारीख टाकली, आणि कागद बाईंकडे दिला. एक प्रत तळ्यावाल्यांकडे नेली.

बाई म्हणाल्या, तुझी खुर्ची बहुतेक जाईल. तू ते आधीच ओळखलं असशील. सही केलीस तेव्हा माहीत होतं ना? मग तेवढ्यापुरतं मी तुझ्याबद्दलचं माझं मत थोडं मागे घेते. थोडंच.

तळ्यावाल्यांनी चष्मा लावून दारातच वाचलं. एकदा भरभर, मग एकदा बोट ठेवून सावकाश. 'मालकाची काही चूक नव्हती' या ओळीवर बोट थांबलं. ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, माझ्यासाठी नाही, आत भिंतीवर बायकोचा फोटो आहे त्या दिशेला तोंड करून. मग आत गेले आणि विहिरीजवळच्या खोलीच्या कुलपाची किल्ली घेऊन बाहेर आले.

मी म्हटलं, "काका, मी जाळी बाहेर काढू लागते."

"नको," म्हणाले. "तुम्ही खरं सांगितलंत, ते ठीक. पण इथे येत जाऊ नका."

मला त्यांनी आत बोलावलं नाही, आणि बरोबर केलं. तुला बोलावतील का, ते तू स्वतः येऊन विचार.

ताई